उत्तरेची भिंत

आमच्या गावात मतदान सभागृहातच होतं.
फ्लूची लसही तिथेच टोचतात,
आणि कुणी गेलं की मागे उरलेल्यांना
उकडलेले बटाटे तिथेच वाढतात.
आज कागदावर एकच प्रश्न आहे:
उत्तरेची भिंत पाडून
रुग्णवाहिकेसाठी मोठं दार करावं का?
हो. नाही.
पेन्सिल सुतळीने बांधून ठेवली आहे.

कॅन्ससच्या या पट्ट्यात झाड शोधावं लागतं,
कुंपणाचे खांबसुद्धा आम्ही दगडाचे रोवतो.
पिवळा दगड, मधून गंजासारखी एक रेघ.
खाणीतून निघताना मऊ असतो,
वारा लागेल तसा घट्ट होत जातो.

माझा बाप, अलोइस डिंकेल, न्हावी होता.
धुळीच्या वर्षांत बायकाच नवऱ्यांचे केस
स्वयंपाकघरात कापू लागल्या.
दुकानाची खुर्ची तो रोज पुसायचा,
मग एक दिवस पुसेनासा झाला.

तेव्हा सरकारी काम निघालं.
घरटी एक माणूस, आठवड्याला तीस तास,
एकतिसावा नाही,
घास सगळ्यांच्या तोंडी लागायला हवा होता.
शहरच्या पेपरात चित्र यायचं:
फावड्यावर रेलून झोपलेला मजूर.
आईने एक कापून चुलीत घातलं,
एक बायबलात जपून ठेवलं.
का, ते विचारायचं राहूनच गेलं.

वस्तरा धरणाऱ्या हातांना
पहिल्या आठवड्यात फोड, दुसऱ्यात रक्त.
तिसऱ्यात त्याला कळलं
की भोकं पाडून, पाचरी ठोकून झाल्या
की थांबायचं असतं, कान देऊन.
फुटण्याआधी दगडाचा सूर बदलतो.
मग तो चिरा असा तासायचा,
जणू समोर पाद्रीबाबा मान वर करून बसलेत.

मंचावरचं चित्र शिकागोहून आलेल्या बाईने काढलं,
मिस लोवेनथाल. ती पँट घालायची,
याचीच चर्चा चित्रापेक्षा जास्त झाली.
पेरणी करणारा म्हणून तिने बापाला उभं केलं,
ज्याने जन्मात मूठभर गहू पेरला नव्हता.
घोड्याचा लगाम चुकलाय, म्हणून शेतकरी भांडले;
रात्रीत तिने तो दुरुस्त केला.
बापाच्या पायात टायर कापून केलेले सोल होते,
तिने बूट रंगवले, तपकिरी, नवे.
ते दुरुस्त करा असं कुणी म्हणालं नाही.

दगडावर नाव कोरायचं नाही, असा नियम.
बापाने कोरलं,
पण आतल्या अंगाला, चुन्याकडे तोंड करून.
उत्तरेची भिंत, चौथा थर, खिडकीपासून सातवा.
आईने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती:
नाव असेलच असं नाही हो,
या माणसाचं काय सांगावं,
"दाढी पंधरा सेंट" असंही असेल.

मी सत्त्याऐंशी वर्षांची आहे.
भिंत पडली तर ते मला वाचता येईल,
आणि वाचता आलं तर भिंत नसेल.
बरं, मागच्या जानेवारीत
रोझिनाच्या नवऱ्याला खुर्चीवर बसवून
बर्फातून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं.
अरुंद दार बापानेच बांधलंय,
हेही मला ठाऊक आहे.

पेन्सिलीचं टोक बोथट.
रांग मागे खोकते आहे.
मी चार पावलं चालत जाते,
खिडकीपासून मोजते,
आणि सातव्याला कान लावते.

"फिलोमेना," कुणीतरी मागून म्हणतं,
"बरं वाटत नाही का? खुर्ची आणू?"

मी हातानेच सांगते:
थांब जरा.